कोरड्या ड्रममधले पाणी

पाणी आहे की नाही, हे पाण्याकडे बघून ठरवण्याचा काळ आता गेला. पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये हे सत्य सोमवारी सकाळी आठ वाजता, कपडे धुऊन झाल्यावर प्रकट झाले.

आमचे वॉशिंग मशीन पुढून उघडणारे, काचेच्या दाराचे आणि अत्यंत सावध आहे. आत पाणी असेल तर ते दार उघडू देत नाही. त्या दिवशी पाणी केव्हाच निघून गेले होते. काचेतून पिळलेले कपडे स्वच्छ दिसत होते. तरी लाल दिवा लुकलुकत होता, आणि माहितीपुस्तिकेत त्याचा अर्थ दिला होता : आत पाणी आहे, दार उघडणार नाही.

आत माझ्या मुलीचा, संध्याचा, नर्सिंगचा पांढरा गणवेश होता. अकराला प्रात्यक्षिक परीक्षा, आणि गणवेशाशिवाय आत घेत नाहीत. दुसरा गणवेशही आतच होता. (माझी बायको छाया अर्धवट भरलेले मशीन लावणे पाप समजते.)

तातडीने पाहणी करण्यात आली. पाणी नाही म्हणणारे तीन : छाया, संध्या आणि टॉर्च. पाणी आहे म्हणणारे एक : मशीन. मी तटस्थ. वरील सर्वांपैकी पाच वर्षांची वॉरंटी फक्त मशीनला असल्यामुळे त्याचे मत ग्राह्य धरण्यात आले.

मी कंपनीला फोन लावला.

"सर, आधी आतलं पाणी काढून टाका."

"ताई, पाणी नाहीये आत."

"मग तर काढायला सोपं जाईल, सर."

आम्ही मशीनखालचे झाकण उघडून परात लावली आणि भोवती अर्धा तास बसलो. एक बटण आले. कामात कुचराई नको म्हणून ती कोरडी परात मी दोनदा मोरीत ओतली. सोसायटीचे सेक्रेटरी रावजी येऊन सांगून गेले, की नळाचे पाणी साडेसातलाच बंद झाले आहे, त्यामुळे त्यानंतरचे पाणी सोसायटीच्या नियमात बसत नाही.

साडेनऊला माझे सासरे कोंडाजी मखमलाबादहून शेवंतीची फुले आणि मेथीच्या दोन जुड्या घेऊन आले. त्यांनी विचारले, "याला पाण्याचं कळतं कसं?"

मी पुस्तिका वाचून दाखवली. ड्रमच्या तळापासून एक बारीक नळी वर सेन्सरपर्यंत जाते. पाणी चढले की नळीतली हवा दाबली जाते आणि सेन्सरला कळते.

"मंग नळी तुंबली आसंल. हवा आडकून बसली. आमची मळ्यातली ड्रिपची तुंबती तशी. फुकायची आन् काय!"

मी त्यांना अडवले. पान एकतीस : अनधिकृत व्यक्तीने स्क्रू काढल्यास वॉरंटी रद्द. वॉरंटीचे एकोणीस दिवस शिल्लक होते, परीक्षेला दीड तास. एकोणीस दिवस दीड तासापेक्षा कितीतरी जास्त भरतात.

संध्या रडू लागली. (हे पाणी मात्र मशीनने मोजले नाही.) मला फार वाईट वाटले. पण मी पान एकतीस सोडले नाही.

"जावईबापू," कोंडाजी म्हणाले, "पोरीचं वरीस जाईल. ती वारंटी काय चाटायची हाय?"

त्यांनी प्लग काढला, स्क्रू काढून वरचे झाकण उघडले, सेन्सरची नळी ओढून काढली आणि फुंकर मारली. आत साबणाच्या साक्याचा बोळा होता, तो सुटला. नळी जोडून, प्लग लावून बटण दाबले. दिवा विझला, दार उघडले. ओलसर गणवेशावर इस्त्री फिरवून संध्या पळाली आणि पावणेअकराला पोचली.

घडला प्रकार मी त्याच दिवशी प्रामाणिकपणे कंपनीला कळवला. उत्तर आले : अनधिकृत श्वासामुळे वॉरंटी रद्द. मी आठवडाभर सासऱ्यांशी बोललो नाही.

तुम्ही मला हसत असाल. हसा. फक्त एवढेच सांगा : कोंडाजींनी स्क्रूला हात घातला, तेव्हा तुमच्या मनात आधी संध्याची परीक्षा आली, की ते एकोणीस दिवस?