समोरची चटणी

सोमवारी दुपारी फाउस्तिनोने जाहीर केलं, की आज तो सासूबाईंना बाहेर जेवायला नेणार आहे. गल्ल्यावर बसलेल्या त्याच्या बायकोने, नेरीने, हातातलं काम बाजूला ठेवलं आणि उठून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

तिला काळजी वाटणं साहजिक होतं. फाउस्तिनोची स्वतःचीच खाणावळ होती, लिमाच्या ब्रेन्या भागात, राहत्या घराच्या खाली. कोळशाच्या भट्टीत सळईवर फिरणाऱ्या कोंबड्या, तळलेले बटाटे आणि चिचा, म्हणजे जांभळ्या मक्याचं थंडगार सरबत. लोक त्याच्याकडे येत, तो कुणाकडे जात नसे. त्यातून सासूबाईंना, म्हणजे दोन्या ओब्दुलियांना, त्याने आजवर कुठे नेलं असेल तर ते दातांच्या डॉक्टरकडे.

खरं कारण रस्त्याच्या पलीकडे होतं. नव्या वर्षाच्या सुरुवातीला वाल्देमार नावाच्या गृहस्थाने अगदी समोर दुसरी खाणावळ उघडली होती, आणि तेव्हापासून फाउस्तिनोची टेबलं रिकामी पडू लागली होती. वाल्देमारची कोंबडी काही विशेष नव्हती. तो ती लवकर उतरवतो हे फाउस्तिनोला दारात उभं राहून नुसत्या रंगावरून कळत असे. पण जुनी गिऱ्हाइकं रस्त्यात भेटली की नजर चुकवत म्हणत, "कोंबडी तुझीच भारी रे, पण त्याच्याकडची ती हिरवी चटणी..." आणि पुढचं वाक्य आवंढ्याबरोबर गिळून टाकत.

ती चटणी एकदा चाखायची, जमल्यास थोडी पळवून आणायची आणि घरी बसून तिच्यात काय काय आहे ते शोधायचं, असा फाउस्तिनोचा बेत होता. पण एकट्याने जाणं म्हणजे आपल्या हाताने आपल्या दुकानाची पाटी उतरवण्यासारखं होतं. सासूला घेऊन जेवायला आलेल्या माणसाचा मात्र कुणी संशय घेत नाही. केलीच तर कीव करतात.

दोन्या ओब्दुलिया बुटक्या, गोलमटोल आणि हव्या तेव्हा बहिऱ्या होत्या. दिवसभर वर बसून त्या टीव्हीवरच्या मालिका बघत. जेवताना त्यांच्या ताटात नेहमी मान आणि पाठीचा तुकडा पडे, कारण तंगड्या गिऱ्हाइकांसाठी राखायच्या असत. बाहेर जायचं म्हटल्यावर त्या आनंदाने शाल शोधू लागल्या, पण कुठे जायचं ते कळताच थबकल्या.

"कुठेही चला, जावईबापू," त्या म्हणाल्या, "पण समोर नको."

फाउस्तिनोला भरून आलं. घरात राहून सासूबाईंना दुकानाविषयी एवढी निष्ठा असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्याने त्यांची समजूत घातली, शत्रूच्या घरात जाऊनच शत्रू कळतो वगैरे सांगितलं, आणि दंडाला धरून त्यांना रस्त्यापलीकडे नेलं. बाहेर जूनमधलं नेहमीचं मळकट आभाळ होतं आणि भुरभुर चालू होती.

आत शिरताच एका वेट्रेसने दोन्या ओब्दुलियांच्या गालाचा मुका घेतला. दुसरीने न सांगता खिडकीजवळच्या खुर्चीवर उशी आणून ठेवली. म्हाताऱ्या माणसांची इथे बरीच बडदास्त ठेवतात हे फाउस्तिनोने मनात टिपलं, आणि आपल्याकडेही दोनचार उशा शिवून घ्यायच्या असं ठरवलं.

"तुम्हाला तंगडीच ना, दोन्या?" वेट्रेसने विचारलं.

"हिला कसं कळलं?" ती गेल्यावर फाउस्तिनो कुजबुजला.

"वयावरून ओळखतात," सासूबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

ताटं आली. फाउस्तिनोने कोंबडीला हातही लावला नाही. बटाट्याचा एक काप उचलून त्याने हिरव्या चटणीच्या वाटीत बुडवला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. वाकाताय या तिकडच्या उग्र वासाच्या झुडपाचा पाला, मिरची, भाजलेले शेंगदाणे एवढं त्याला लगेच ओळखता आलं. त्यानंतर मात्र काहीतरी होतं, जिभेच्या मागच्या बाजूला हळूच येऊन बसणारं, आणि ते काय आहे ते कळायच्या आत हात पुन्हा वाटीकडे जात होता. थोड्या वेळाने पाहतो तर वाटी पुसल्यासारखी स्वच्छ. आपण इथे कशाला आलो होतो ते त्याला तेव्हा आठवलं.

त्याने दुसरी वाटी मागवली. कोटाच्या आतल्या खिशात खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली होती. ती टेबलाखाली मांड्यांत धरून तो वाटी तिच्यात रिकामी करू लागला. सासूबाई तंगडी खाण्यात गर्क होत्या, किंवा तसं दाखवत होत्या. शेवटचा थेंब आत गेला, बाटली खिशात गेली, झाकण फिरवायचं तेवढं राहिलं, आणि दारातून आवाज आला.

"फाउस्तिनो! तू? इथे?"

कोपऱ्यावर केस कापायचं दुकान चालवणारी खासिंता होती. तिचा आवाज ड्रायरच्या वर चढायला सरावलेला. सगळी खाणावळ वळून पाहू लागली. फाउस्तिनोच्या डोक्यात जे पहिलं आलं तेच त्याच्या तोंडून बाहेर पडलं. तो म्हणाला, की सासूबाईंचा वाढदिवस आहे, त्यांनी इथेच यायचा हट्ट धरला, आता म्हातारीचं मन कसं मोडायचं?

वाढदिवस हा शब्द त्या ठिकाणी उच्चारायला नको होता. वेट्रेसने दोन्या ओब्दुलियांकडे जरा गोंधळून पाहिलं, दोन्या ओब्दुलियांनी हाडाकडे पाहिलं, पण रीत ती रीत. कागदी टोपी आली, ढोलकं आलं, टाळ्या वाजवत सगळ्या वेट्रेस टेबलाभोवती जमल्या आणि गाणं सुरू झालं. शेजारच्या टेबलांवरच्यांनीही सूर लावला. ढोलक्याचा आवाज ऐकून खुद्द वाल्देमार भट्टीपासून हात पुसत आला. रुंद, घामेजलेला, प्रेमळ माणूस. त्याने आधी दोन्या ओब्दुलियांना हलक्या हाताने जवळ घेतलं आणि मग फाउस्तिनोला घट्ट मिठी मारली.

खिशातली बाटली उघडी होती.

फाउस्तिनो गळ्यापर्यंत बटणं लावून बाहेर पडला. शर्टाच्या आत काहीतरी गार गार पोटावरून खाली उतरत होतं आणि मग ते गार राहिलं नाही, जळू लागलं. रस्ता ओलांडताना कोपऱ्यावरचा कुत्रा त्याच्या मागे लागला आणि थेट जिन्यापर्यंत आला. सासूबाई कागदी टोपी सांभाळत शांतपणे मागून येत होत्या.

तो शर्ट भिजत घालेपर्यंत गल्लीत दोन बातम्या पसरल्या होत्या. पहिली अशी, की फाउस्तिनो स्वतःच्या दुकानात न जेवता समोर जेवतो. दुसरी अशी, की दोन्या ओब्दुलियांचा वाढदिवस आहे. पहिली बातमी दुकान बुडवणारी होती, त्यामुळे दुसरीला बळ देणं भाग होतं.

"आईचा वाढदिवस फेब्रुवारीत असतो," नेरी म्हणाली.

"यंदा उशिरा आलाय."

नेरीने विचार केला. मग म्हणाली, की वाढदिवस असेल तर तो साजराही व्हायला हवा. जावयाची स्वतःची भट्टी असताना म्हातारी परक्याच्या दारात टोपी घालून बसली, हे काय चांगलं दिसलं? संध्याकाळी अख्खी गल्ली जेवायला बोलवा, सगळ्यांची तोंडं बंद होतील. फाउस्तिनोला ते पटलं. फुकट कोंबडी चघळणारं तोंड वाईट बोलू शकत नाही.

दिवेलागणीला दुकान कितीतरी दिवसांनी गच्च भरलं. खासिंता आली, तिची गिऱ्हाइकं केसांना रंग लावलेल्या अवस्थेत आली, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं तेही आले. फाउस्तिनो भट्टीपुढून हलू शकत नव्हता. आणि ऐन वेळी त्याच्या लक्षात आलं, की चटणी वाटायची राहिली आहे. ती तो नेहमी स्वतः करायचा, वडिलांच्या पद्धतीने, आणि त्या मिक्सरला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे.

दोन्या ओब्दुलिया ठेवणीतला पोशाख आणि तीच कागदी टोपी घालून खाली आल्या होत्या. "मी वाटू का?" त्यांनी विचारलं.

एरवी त्याने नाही म्हटलं असतं. पण सळईवरच्या कोंबड्या उतरवायला आल्या होत्या. "वाटा," तो म्हणाला, "पण जास्त डोकं चालवू नका."

वाट्या बाहेर गेल्या. थोड्या वेळाने त्याला जाणवलं, की बाहेरचा गोंगाट थांबला आहे. काहीतरी बिघडलं या भीतीने तो धावत आला. सगळे खाली माना घालून खात होते. कुणी बोलत नव्हतं. एक म्हातारा वाटीत बोट फिरवत होता.

"हीच ती," खासिंता अखेर म्हणाली. "समोरचीच आहे. तंतोतंत."

फाउस्तिनोने एक काप बुडवून खाल्ला. तेच. जिभेच्या मागे हळूच येऊन बसणारं तेसुद्धा. त्याची छाती अभिमानाने फुगली. तो चिचाच्या रिकाम्या खोक्यावर चढला आणि त्याने भाषण केलं. त्याने सांगितलं, की आपल्या सासूबाईंनी आज दुपारी आयुष्यात पहिल्यांदा समोर पाऊल ठेवलं, एकदा, फक्त एकदा ती चटणी चाखली, आणि संध्याकाळी तशीच करून दाखवली. अशी जीभ अख्ख्या लिमात सापडणार नाही. वाल्देमारने आता दुकानाला कुलूप लावून गावी जावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन्या ओब्दुलियांनी त्याच्या शर्टाची बाही ओढली, पण उत्साहाच्या भरात त्याच्या ते लक्षात आलं नाही.

टाळ्या संपता संपता वाल्देमार दारात उभा होता. हातात केक.

फाउस्तिनो खोक्यावरून उतरला. पण वाल्देमार रागावलेला दिसत नव्हता. भाषणातलं त्याने काही ऐकलंच नसावं. तो थेट दोन्या ओब्दुलियांकडे गेला आणि केक त्यांच्यापुढे ठेवला.

"दुपारी गडबडीत राहूनच गेला," तो म्हणाला. "फेब्रुवारीत आपण चॉकलेटचा आणला होता ना, म्हणून या वेळी व्हॅनिलाचा आणला. आणि दोन्या, सकाळची बादली संपली बरं का. उद्या दोन पाठवा."

सगळ्या माना वाट्यांवरून वर उठल्या.

"कसली बादली?" फाउस्तिनोने विचारलं. कळलं त्यालाही होतं, पण कुणीतरी ते मोठ्याने सांगितल्याशिवाय त्याला मानायचं नव्हतं.

दोन्या ओब्दुलियांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. "चटणीची," त्या म्हणाल्या. "तुमच्या चटणीला कच्च्या गवताचा वास येतो हे मी तुम्हाला सांगितलं होतं. एकदा नाही, किती वेळा. तुम्ही म्हणालात, सासूबाई, तुम्ही तुमची मालिका बघा. मग एके दिवशी मी वाटीभर घेऊन समोर गेले."

"पण करता कुठे?"

"इथेच. तुम्ही सकाळी बाजारात गेलात की."

"माझ्या मिक्सरवर?"

"मिरच्याही तुमच्याच," गल्ल्यावरून नेरी म्हणाली. "मी झाकण धरते. उडतं ना फार."

हसायला पहिली सुरुवात कुणी केली ते सांगता येणार नाही, पण खासिंताचा आवाज वरचा होता. वाल्देमारला मात्र बिचाऱ्याला घाम फुटला. त्याला वाटलं होतं, की जावयाला सगळं ठाऊक आहे. म्हणूनच तर दुपारी त्याने एवढी घट्ट मिठी मारली होती. त्याने जाहीर माफी मागितली आणि केक कापायला सुरी मागितली.

त्या रात्री फाउस्तिनो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सासूबाईंना विनवलं, की आता समोरचं बंद करा. त्यांनी नकार दिला. वाल्देमार उशी देतो, तंगडी देतो, मानाने 'दोन्या' म्हणतो, त्याला अर्ध्यावर सोडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. बऱ्याच घासाघिशीनंतर असं ठरलं, की सासूबाई दोघांनाही चटणी देतील. मिक्सर नवा आणायचा, आणि मान-पाठ यापुढे जावयाने खायची.

गिऱ्हाइकं हळूहळू परत आली. कोंबडी फाउस्तिनोचीच भारी होती, आणि चटणीचा प्रश्न मिटला होता. निदान इतरांपुरता मिटला होता. फाउस्तिनोची जीभ काही मानत नव्हती. आपल्या चटणीत काहीतरी उणं आहे असं त्याला रोज वाटे. एकदा त्याने उघड उघड समोर जाऊन खाल्ली, धावत घरी येऊन आपली खाल्ली, आणि खात्री झाल्यावर तो स्वयंपाकघरात गेला. दोन्या ओब्दुलिया मिक्सरपुढे उभ्या होत्या. ओट्यावर दोन पातेली होती.

"खरं सांगा, सासूबाई," तो म्हणाला. "त्याच्यात काय जास्त घालता?"

"काही नाही."

"मग माझ्यात कमी काय?"

त्यांनी मिक्सर बंद केला. "त्याने पहिल्यांदा चाखली ना, तेव्हा तो 'वा' म्हणाला होता."

नेरी दारात येऊन थांबली होती. फाउस्तिनोने आपल्या पातेल्यात चमचा बुडवला, चाटला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "वा."

"काय म्हणालात? मला अलीकडे ऐकू येत नाही."

"वा," तो त्यांच्याकडे बघून म्हणाला. "वा, सासूबाई. खरंच."

दोन्या ओब्दुलियांनी अॅप्रनच्या खिशातून एक लिंबू काढलं, मधोमध कापलं, आणि फाउस्तिनोच्या पातेल्यातही पिळलं.