माया सोडावी लागेल

मुलाणी डॉक्टर आजपर्यंत माझ्या डोळ्यांत बघून एक वाक्यही बोललेले नाहीत. ते माझ्या डाव्या कानाशी बोलतात. पहिल्या भेटीत मी नमस्कार घातला, तर त्यांनी मान तिरकी करून माझा कान न्याहाळला आणि म्हणाले, "पेंटर, तुमचा डावा कान उजव्यापेक्षा दोन सूत खाली आहे." मी म्हटलं, आजवर कुणाची तक्रार नव्हती. तर म्हणाले, तक्रार माझीही नाही, फक्त दिसलं. झालं! त्या दिवसापासून आरशासमोर उभा राहिलो की माझं डोकं आपोआप उजवीकडं कलतं. बायको विचारते, मान लचकली का?

बारामतीत इंदापूर रस्त्याला माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर डॉक्टरांचा दवाखाना. पूर्वी मी हातानं बोर्ड रंगवायचो, त्यामुळं पेंटर हे नाव चिकटलं ते चिकटलंच. तसा आम्हा दोघांचा धंदा एकच, लोकांची तोंडं नीट करायचा. फरक एवढाच की त्यांच्या गिऱ्हाइकाला दुखतं आणि माझ्या गिऱ्हाइकाचा वाढदिवस असतो.

डॉक्टर मूळचे इंदापूर तालुक्यातल्या बावड्याचे. वडील बशीर टेलर. आसपासच्या गावांतल्या नवरदेवांची सफारी आणि शाळेच्या पोरांची खाकी चड्डी, दोन्ही त्यांच्याच मशीनवर शिवली जायची. डॉक्टर त्या मशीनखाली चिंध्यांत खेळत वाढले, पुढं मुंबईला जाऊन प्लास्टिक सर्जन झाले, पण भाषा काही शिंप्याची सुटली नाही. कातडीला ते कापड म्हणतात. सुरकुतीला चुणी म्हणतात. इतर डॉक्टरांच्या गळ्यात नळ्या असतात, यांच्या गळ्यात वडिलांची माप घ्यायची टेप. तिच्यावरचे आकडे कधीच पुसून गेलेत, पण त्यांना ते पाठ असावेत. आणि कामाचा एकच मंत्र, "शिवण दिसता कामा नये."

सुरुवातीला पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात होते. एकदा एक श्रीमंत बाई मोबाइलवर कुठल्याशा नटीचा फोटो घेऊन आल्या, म्हणाल्या, हेच नाक पाहिजे. डॉक्टरांनी टेप लावली आणि सांगितलं, बाई, हे नाक तुमच्या मापाचं नाही, गालात सैल पडेल. बाई हॉस्पिटलच्या मालकाच्या मेहुणी निघाल्या. पुढच्या महिन्यात डॉक्टर सामानसुमानासकट बारामतीत.

इथं नाकाचं गिऱ्हाईक कमी. जड सोन्यानं पाळ्या फाटलेल्या म्हाताऱ्या येतात, रसाच्या चरकात बोटं गेलेले येतात, लग्नाआधी टक्कल झाकून घ्यायला नवरदेव येतात. एक पोरगा दंडावर गोंदलेलं 'प्राजक्ता' काढायला आला, कारण साखरपुडा दुसरीशीच ठरलेला. डॉक्टरांनी दंड उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "वेळ लागंल, दुखंल. त्यापरीस दुसरी प्राजक्ता बघ की." पोरगा क्षणभर खरंच विचारात पडला. फाटका कान घेऊन आलेल्या एका काकूंनी विचारलं, डॉक्टर, हे प्लास्टिक उन्हात वितळायचं न्हाय न्हवं? तर त्यांचा मुलगा म्हणाला, आमची पाण्याची टाकी फुटलीय, चांगल्या कंपनीची हाय, त्यातलंच चालंल का? डॉक्टर हसत नाहीत अशा वेळी. शिवायच्या कापडाची चिमटी धरावी तसं तोंड दाबून धरतात.

पण खरा घोटाळा झाला तो कळस गावच्या एका आबांचा. आबांच्या गालावर बोराएवढा मस होता, तो काढायचा. आता शिंप्यांच्या भाषेत माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. पोर वाढलं की उसवून सदरा सैल करता यावा, म्हणून माया सोडायची. डॉक्टरांनी आबांचा गाल चिमटीत धरला आणि गंभीरपणे म्हणाले, "आबा, जरा माया सोडावी लागंल."

आबा शांतपणे बरं म्हणाले, बाहेर आले आणि माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून घळाघळा रडायला लागले. म्हणाले, डॉक्टरनं सांगितलं, आता माया सोडा. मी पाणी पाजलं. तासाभरात दोन जीपा भरून भावकी आली. लेकी गळ्यात पडल्या. थोरल्या लेकानं धाकट्याशी बांधावरून धरलेला अबोला तिथंच, माझ्या छपाईच्या मशीनला टेकून सोडला. डॉक्टर खाली येऊन माया कशाला म्हणतात ते सांगू लागले, तर आबा म्हणाले, "असू द्या. तुमच्यामुळं पोरं बोलली तरी." मस निघाला, आबा ठणठणीत आहेत, आणि दोघं भाऊ परत बांधावरून भांडतात.

हे सगळं ठीक. पण जो माणूस जगाच्या खुणा पुसतो, त्याच्या स्वतःच्या कपाळावर ही अशी खूण! डाव्या भुवईपासून पार केसांपर्यंत वाकडी गेलेली, मध्येच चुणी पडलेली, दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके. पाहणारा पहिल्यांदा कपाळच बघतो. डॉक्टर, हे काय हो? कुस्ती खेळणाऱ्यानं विचारलं, तर सांगायचे तालमीत पडलो. शेतकऱ्याला सांगायचे, बैलानं मारलं. मास्तरांना सांगितलं, मास्तरांनीच मारलं. मला सांगितलं, बोर्ड डोक्यात पडला. मी बोर्डवाला, म्हणून. माझ्या दुकानात बसणारी माणसं म्हणायची, ज्याला सोताचं थोबाड शिवता येत न्हाय, तो आपलं काय शिवणार?

डॉक्टरांच्या मिसेस जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी सना, ती कातडीची डॉक्टर झाली, पुण्यात. डॉक्टर दिवसभर लोकांच्या कानांशी बोलतात आणि संध्याकाळी दवाखाना बंद केला की माझ्याकडं येऊन बसतात. कुणाचंतरी तोंड मी कॉम्प्युटरवर गोरं करत असतो, ते मागं बसून नाकं तपासतात. घरी जायची घाई नसते त्यांना. घरी कुणाचंच नाक नाही, असं एकदा म्हणाले. मी पडद्यावरचं नाक त्यांना मोठं करून दाखवलं.

तर सना बारामतीत यायला तयार झाली. बापलेकीचा एकत्र दवाखाना. डॉक्टरांच्या चालण्यात फरक पडला, वरचा जिना एका दमात चढायला लागले. पण पोरीची एक अट होती, कपाळ नीट करून घ्यायचं. माझ्यासमोर फोनवर स्पष्ट म्हणाली, अब्बा, दारावर आपला दोघांचा फोटो लागणार, आणि कारागिराचंच कपाळ असं असलं तर लोक आत कशाला येतील? तुम्ही एवढंही करणार नसाल तर मी पुण्यातच बरी. डॉक्टर हो म्हणाले. त्यांच्याबरोबर शिकलेला एक सर्जन पुण्याहून मुद्दाम आला. डॉक्टर स्वतःच्या टेबलावर आडवे झाले. मित्रानं कपाळावर पेनानं खुणा केल्या, सुई भरली, आणि डॉक्टर उठून बसले. म्हणाले, जमायचं नाही, कापडात माया नाही. मित्र म्हणाला, भरपूर आहे. हे म्हणाले, मला माहीत आहे ना माझं कापड! चहा पिऊन मित्र परत गेला.

सना मित्राबरोबर पुण्याहून आली होती, ती मागं राहिली. माझ्याकडं आली आणि म्हणाली, काका, निदान फोटोत तरी ती खूण काढून टाका.

ते माझ्या डाव्या हाताचं काम. जन्मखुणाच काय, मी माणसाची हनुवटीसुद्धा बदलून दिलीय. डॉक्टरांचं कपाळ मी असं गुळगुळीत केलं की ताट समजून वाढून घ्यावं. दोन सूत गोरंही केलं, ते आमच्याकडं सगळ्यांना फुकट असतं. शुक्रवारी सकाळी फ्लेक्स लागला. खाली दोघांची नावं, वर दोघांचे फोटो. मी लांब जाऊन बघितलं आणि स्वतःवर खूश झालो.

डॉक्टर आले. फोटोतलं कपाळ बघितलं. मग माझ्या दुकानातलं स्टूल उचललं, फ्लेक्सखाली ठेवलं आणि चढले. खिशातून ऑपरेशनआधी कातडीवर खुणा करायचं जांभळं पेन काढलं. मी ओरडलो, अहो, नवा फ्लेक्स आहे! सना जिन्यावरून धावत खाली आली. तोवर त्यांनी फोटोतल्या कपाळावर रेघ ओढली होती. सरळसोट, पट्टीनं आखल्यासारखी. त्यांनी थुंकी लावून पुसली, परत काढली. परत सरळ.

"येईना," ते म्हणाले. "वाकडी येईनाच."

सनानं विचारलं, अब्बा, काय करताय हे? तेव्हा स्टुलावर उभं राहूनच, फोटोच्या कपाळाकडं बघत त्यांनी सांगितलं. ते लहान असताना बशीर टेलरांच्या मशीनच्या लोखंडी पायावर आपटले होते. कपाळ उघडं पडलं. गावातला डॉक्टर अकलूजला लग्नाला गेलेला, एसटी निघून गेलेली, रक्त थांबेना. बशीर टेलरांनी सुई दिव्यावर धरली, शाळेच्या चड्ड्यांचा खाकी दोरा ओवला आणि पोराचं कपाळ शिवलं.

"त्यांच्या हातची शिवण उभ्या तालुक्यात कधी वाकडी गेली न्हाय," डॉक्टर म्हणाले. "तेवढी एकच गेली. हात थरथरला त्यांचा. माया जास्त धरली गेली, म्हणून ही चुणी पडली. मी शिवायला कुठं शिकलो असं सगळे विचारतात. हितं शिकलो." त्यांनी बोट ठेवलं ते फोटोवर नाही, स्वतःच्या कपाळावर.

मी फ्लेक्सचं बोलणं सोडून दिलं आणि स्टुलाचा पाय धरला.

सनानं त्यांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं, पेन काढून घेतलं आणि स्वतः स्टुलावर चढली. तिनं एकदा बापाच्या कपाळाकडं बघितलं आणि एकदा फ्लेक्सकडं. तिला नीट दिसत नव्हतं, बाहीनं डोळे पुसत होती. रेघ भुवईपाशी निघाली, मध्येच भरकटली आणि केसांत जाऊन थांबली. मग तिनं दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके दिले, तेही खालीवर.

दवाखाना आता दोघांचा आहे. तो फ्लेक्स अजून तसाच आहे, आणि छपाई खराब झाली म्हणून लोक मला बोलतात.

त्या सकाळी ती खाली उतरली तेव्हा डॉक्टर मान तिरकी करून ती रेघ तपासत होते. गळ्यातली टेप हातात घेतली, पण लावली नाही.

"माया जरा जास्त झालीय," ते म्हणाले. "राहू दे."