रुवेन्झोरी, जिना क्रमांक दोन

कादंबरी देवस्थळीने आयुष्यात एकच गुपित ठेवलं, आणि ते इतकं चोख ठेवलं की जपानमधल्या ओजिमातल्या त्या चौदा मजली इमारतीत कोणाला त्याचा वासही लागणं शक्य नव्हतं. निदान तिचं तसं मत होतं. माणसाची स्वतःबद्दल अशी काही ठाम मतं असतात, आपण मध्ये पडू नये.

गुपित असं, की डिसेंबरात तिला युगांडाला जायचं होतं. तिथे रुवेन्झोरी नावाचे डोंगर आहेत. वर पाच हजार मीटरची शिखरं, खाली गुडघाभर चिखल. नऊ दिवसांचा ट्रेक, सोबत वाटाड्या, हमाल आणि सहा-सात अनोळखी माणसं. नवरा नाही, मुलगी नाही. ज्या कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये ती पार्ट-टाइम काम करायची, तिथे मासिकं लावताना एका पानावर तिला तो डोंगर दिसला. धुक्यात दोन-दोन पुरुष उंचीची विचित्र झाडं उभी होती. ते पान ती महिनाभर येता-जाता बघत राहिली. कॉलेजात राजगड-तोरणा एका दमात करणारी ही बाई गेल्या अकरा वर्षांत सगळ्यात उंच चढली होती ती सुपरमार्केटच्या दुसऱ्या मजल्यावर, आणि तेही सरकत्या जिन्याने.

मग नवऱ्यापासून लपवायचं कशाला? श्याम वाईट होता का? छे, श्याम फार चांगला होता, तीच तर अडचण होती. कादंबरीने काहीही करायचं म्हटलं की तो जीव ओतून मदत करायचा. तिने रविवारी चार मराठी पोरांना शिकवायला घेतलं, तर याने लगेच वेळापत्रक केलं, फॉर्म केले, ग्रुप काढला. तिसऱ्या महिन्यात श्याम वर्गाचा संचालक झाला होता आणि कादंबरी मधल्या सुट्टीचे पोहे करत होती. सायकलवरून समुद्रापर्यंत जायची तिची साधी इच्छा. त्याने त्याची एवढी मोठी एक्सेल शीट केली, की ती वाचूनच दोघं दमले आणि घरीच बसले. रुवेन्झोरी जर एकदा त्या शीटमध्ये गेला, तर आपण त्या डोंगरावरही पोहेच करत बसू, याची तिला खात्री होती.

पण सांगणं तर भाग होतं. ट्रेकच्या फॉर्मवर घरच्या माणसाची सही लागत होती, आणि तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत पोचला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. हातात सहा आठवडे होते. सांगू की, घाई काय आहे, असं म्हणून तिने आधी तयारी सुरू केली.

तयारी बालुकूने सांगितली होती. बालुकू म्हणजे तिकडचा वाटाड्या, व्हिडिओ कॉलवर सारखा हसणारा. त्याचं म्हणणं असं, की रोज पाठीवर दहा किलो घेऊन जिने चढा-उतरा, आणि गमबूट घालूनच करा, कारण आमच्या चिखलात नऊ दिवस तेच पायात राहणार आहेत. झालं. रोज पहाटे पाचला कादंबरी घरातला दहा किलो तांदूळ सॅकमध्ये कोंबायची, गमबूट चढवायची आणि अकराव्या मजल्यावरून जिना क्रमांक दोनने खाली उतरायची. खाली जरा टेकायचं, परत वर. अशा चार फेऱ्या. चढताना ती एकच वाक्य घोकायची, "श्याम, मला तुला काहीतरी सांगायचंय." अकरावा मजला येईपर्यंत दम आणि धीर दोन्ही संपायचे. मग तांदूळ डब्यात, गमबूट कपाटामागे, आणि साडेसातला श्यामने डोळे उघडले की समोर चहा.

या जिन्याला तिसरा मजला होता आणि तिसऱ्या मजल्यावर मात्सुदा-सान, म्हणजे मात्सुदाबाई, होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. पहाटे उठून कुंड्यांना पाणी घालणं हा त्यांचा नेम. त्यांना काय दिसलं, ते त्यांच्या जागी उभं राहून बघा. अकराव्या मजल्यावरची भारतीय सून. पहाटेची वेळ. पाठीवर फुगलेली सॅक. कोरड्या ठणठणीत ऑक्टोबरात पायात गमबूट, म्हणजे हाताला लागेल ते पायात घालून निघालेली. चेहरा लाल, ओठ काहीतरी पुटपुटतायत. ती खाली जाते. थोड्या वेळाने परत वर येते. परत खाली, परत वर. आणि हे रोज.

कोथरूडमधली एखादी सोसायटी असती, तर दुसऱ्याच दिवशी कोणीतरी दारात उभं राहून "काय हो, सकाळी सकाळी कुठे?" विचारलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता. पण जपानात असं विचारत नाहीत. दुसऱ्याच्या दुःखात बोट घालायचं नाही, न बोलता फक्त जागा करून द्यायची, ही तिथली रीत. मात्सुदा-सानने जागा करून दिली. दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर एक घडीची खुर्ची आली. मग खुर्चीवर झाकलेला भाताचा गोळा आणि परक्यालाही वाचता येईल अशा सोप्या अक्षरांतली चिठ्ठी: "सावकाश. घाईने काही ठरवू नका." कादंबरीला भरून आलं. बालुकूही हेच म्हणाला होता, हळू चला. या वयातही बाईंना डोंगराची जाण आहे, असं वाटून तिने वाकून आभार मानले. बाईंना वाटलं, बिचारीला निदान कोणाचा तरी आधार वाटतोय.

पुढे टपालपेटीत एक पत्रक आलं. कादंबरी जपानी फडाफडा बोलायची, पण वाचताना तिची गाडी अडायची. "महिला" आणि "संपर्क" एवढंच तिला लागलं. ती समजली, बायकांचा गिर्यारोहण क्लब असावा. तिने ते फ्रिजवर चुंबकाने लावलं. ते होतं वॉर्ड ऑफिसच्या महिला मदत केंद्राचं. श्याम रोज तिथूनच दूध काढायचा. त्याने एकदाही विचारलं नाही की हे काय आहे.

शेवटच्या शनिवारी मात्सुदा-सानना राहवलं नाही. रीत मोडून त्यांनी विचारलं, की ठरलं का, जाणार कुठे? कादंबरीला वाटलं, यांना सगळं माहीतच आहे. तिने मोकळेपणाने सांगितलं, आफ्रिकेत. तिथे आपलं माणूस आहे का, असं बाईंनी हळूच विचारलं. आहेत ना, ती म्हणाली, बालुकू-सान. ते सगळं सांभाळतील, फार चांगला माणूस आहे. फक्त नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

मात्सुदा-सान स्वतःच त्या खुर्चीत बसल्या.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्या शेवटच्या रविवारी, श्याम उशिरा उठणार म्हणून कादंबरीही सातला निघाली. आज फेऱ्या झाल्या की सांगायचंच, असं ठरवून. चौथी फेरी संपवून ती वर आली तर घराचं दार उघडं, आणि दाराशी दोन जोड बूट, टाचा आत करून शिस्तीत ठेवलेले. जपानात रविवारी सकाळी कोणी कोणाचं दार वाजवतं ते आग लागली तरच. ती धसकली.

आत श्याम पायजम्यात, केस उभे. समोर मात्सुदा-सान आणि टाय लावून आलेले रहिवासी मंडळाचे अध्यक्ष ओनोदा-सान. श्यामचं ऑफिस इंग्रजीत चालायचं, त्याला जपानी ओ की ठो कळत नव्हतं. त्यामुळे मध्ये त्यांची बारा वर्षांची मुलगी स्वरूपा दुभाषी म्हणून बसली होती आणि एक अक्षरही न वगळता काम करत होती.

"बाबा, ते म्हणतायत, आई सहा आठवडे रोज पहाटे तुला सोडून जाते. पण परत येते. त्यांना त्यात पडायचं नाहीये." मग तिने बाईंचं पुढचं ऐकून घेतलं. "आणि आफ्रिकेत कोणीतरी बालुकू-सान आहेत."

सगळ्यांचं लक्ष दाराकडे गेलं. दारात कादंबरी, पाठीवर सॅक.

"आजही परत आली," मात्सुदा-सान पुटपुटल्या.

मग व्हायचं ते झालं. सॅक उघडली, तांदूळ निघाला, फोनवर बालुकूचा बायको आणि चार मुलांसकट फोटो दाखवला गेला. सगळं उमगल्यावर ओनोदा-सान एवढे ओशाळले, की त्यांनी तांदळालाही वाकून नमस्कार केला. निघताना मात्सुदा-सानने कादंबरीचा हात धरला. त्या म्हणाल्या, "मीही एकदा बॅग भरून खालपर्यंत गेले होते. खूप वर्षं झाली. कोणी पाहिलं नाही, म्हणून परत वर आले." एवढं बोलून त्या लिफ्टने गेल्या. कादंबरीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंचा गैरसमज झाला खरा, पण सगळाच गैरसमज होता असं तिला छातीवर हात ठेवून म्हणता येईना.

दार लागलं. श्यामने फ्रिजवरचं पत्रक काढून हातात घेतलं. ते कशाचं आहे, ते आता त्यालाही कळलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

तिने सांगितलं. पोहे, सायकल, सगळं. तो दुखावला. मग म्हणाला, निदान मला कळायला तरी हवं होतं.

"सहा आठवडे मी गमबूट घालून घराबाहेर जातेय, श्याम," ती म्हणाली. "तिसऱ्या मजल्याला कळलं."

त्याने फॉर्म मागितला. "हमाल किती देणार, विमा कोणता," असं सवयीने सुरू केलं आणि जीभ चावली. सही केली. वर काही रकाने रिकामे होते, ते मी भरू का, असं त्याने चक्क विचारलं. तिने मानेनेच हो म्हटलं. त्याने तिचा रक्तगट लिहिला, ॲलर्जी नाही असं लिहिलं. पुढचा प्रश्न त्याने मोठ्याने वाचला: "ठरलेल्या दिवशी तुम्ही परतला नाहीत, तर ते सर्वांत आधी कोणाच्या लक्षात येईल? नाव आणि फोन नंबर."

श्यामने आपलं नाव लिहायला घेतलं. दोन अक्षरं झाली आणि पेन थांबलं. मग त्याने ती दोन्ही अक्षरं नीट खोडली.

"कादंबरी," तो म्हणाला, "मात्सुदा-सानचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?"