उघड्या मुळांची पाठवणी

परदेशात रोपं पाठवणं म्हणजे आपल्या हातचा मळ! असं मी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. व्हिडिओ बघून शिकलोय, गंमत नाही! नियम एकच. मुळांना मातीचा कण नको. कण सापडला की सगळा माल जाळतात, वर परवाना अडकतो. आणि ही तर आपली पहिलीच परदेशी ऑर्डर. म्हणून अँथुरियमच्या सगळ्या फुलरोपांची मुळं मी टूथब्रशने घासली. स्वतःचे दात इतके कधी घासले नाहीत! ओल्या शेवाळात गुंडाळली, खोक्यांत ठेवली आणि अंघोळीला गेलो.

तिथेच घात झाला.

तपासणीचे साहेब आले. चेहरा असा, की चुकून हसले तर स्वतःच्याच नावाने दंडाची पावती फाडतील. पहिलं खोकं उघडलं, नमुन्याला एक रोप उचलून भिंग लावलं. स्वच्छ! मी छाती फुगवली. तेवढ्यात आई कानाशी आली.

"अरे, तू अंघोळीला गेलास ना, तेव्हा मी जरा माती घातली."

"कशात?"

"रोपांत! उघड्या मुळांनी कोणी एवढ्या लांब पाठवतं का? लेकरंच ती!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. तीसुद्धा हिने उचलून खोक्यात भरली असती!

"सगळ्यांत घातलीस?"

"छे! मरतुकडी होती त्यांनाच."

"कुठल्या खोक्यात?"

"आता ते कसं आठवणार?"

साहेबांनी दुसरं खोकं ओढलं. स्वच्छ! तिसरं. तेही स्वच्छ! साहेबांनी शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली...

"अहो साहेब," आई कौतुकाने म्हणाली, "ते कोपऱ्यातलं रोप बघा की! कसं तरारलंय! दोन मुठी माती घातलीय मी त्याला!"

शिक्का हवेतच थांबला.

"माती?"

"घरचीच आहे. चाळलेली!"

साहेबांनी कपाळावर हात मारला. शिक्का त्याच हातात होता. कपाळावर जांभळ्या शाईत 'तपासले' उमटलं. आणि मला हसायचीही सोय नाही!

"गाडी कधी येतेय?"

"येतेच आहे!"

"मग बघत काय बसलात? सगळं काढा, सगळं धुवा! गाडी निघायच्या आत झालं तर परत तपासतो. नाहीतर जाळायचं!"

बादल्या, ब्रश, पळापळ! आईच्या चष्म्यावर पाणी उडालं. तिने तो काढून शेवाळाच्या ढिगावर ठेवला आणि भांडी घासावीत तशी मुळं घासायला लागली. बाहेर हॉर्न! साहेब भिंगाखाली एकेक मूळ बघतायत, मी हाताला येईल ते शेवाळ गुंडाळून खोकी भरतोय. शेवटी शिक्का बसला. सील लागलं.

"हे सील आता कुणी तोडलं, तर सगळी तपासणी रद्द," साहेब म्हणाले. "मी तोडलं तरी!"

गाडीवाल्याने खोकी चढवली, दार लावलं.

"अरे, माझा चष्मा कुठाय?" आई म्हणाली.

मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी माझ्याकडे. मग दोघांनी गाडीकडे. गाडीवाल्याने गिअर टाकला.

"इथंच असेल हो आई, जातोय कुठे!" असं म्हणत सगळ्यात आधी टेबलाखाली कोण वाकलं माहितीये? साहेब!

मी तर अजून शोधतोय हो. काल फ्रिजमध्येसुद्धा बघितलं!