कृष्णाबाईचं वजन

जेवताना समोर कुनीतरी बसलेलं पायजे, मग ते पाखरू का असंना, ह्या माझ्या सवयीनं माझी गावाकडची सुट्टी गेली. इस्कटून सांगतो.

माझं नाव समाधान. (नाव बारशाला ठेवत्यात, सोभाव मागनं कळतो.) गाव जत तालुक्यात. ऱ्हायला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात, कामगारांच्या बिल्डिंगीत. एका खोलीत आठ जन, त्यातल्या सात जनांशी माझं भांडान. आठवा मीच, न्हाईतर त्याच्याशीबी झालं असतं.

थंडी पडली की आमचा अरबाब, म्हंजे मालक, वाळवंटात शिकारीचा कॅम्प टाकतो. औंदा त्यानं इचारलं, पावनं येईस्तवर कॅम्पवर एकटा कोन ऱ्हाईल? साती बोटं माझ्याकडं. माझं डोस्कं सटाकलं. म्हनलो, "जातो! तुमची थोबाडं बघन्यापरीस वाळू बघीन."

अरबाब खूश. "हबीबी, टू वीक बाद फ्रायडे गेस्ट आयेगा. शिकार गुड, तो तुम इंडिया जाव. वन मंथ."

सुट्टी! माझी पोरगी उर्वी मी हिकडं आल्यावर जलमली. तिला म्या मोबाईलातच बघितलेली. ती मला बघते आनि भोकाड पसरते.

सुरवातीला लई मज्जा आली. तंबू ठोकले, गालिचे हातरले, कॉफीची चूल मांडली, जनरेटर जोडला. माझ्या गावात आनि ह्या वाळवंटात फरक म्हनाल तर एवढाच, इथं टँकर येळेवर येतो. मालकाच्या गादीवर लोळून बघितलं. मालकावानी "यल्ला, यल्ला!" वरडून बघितलं. कोन येतंय?

मग कळाया लागलं, भांडायलाबी मानूस लागतो. जनरेटरला शिव्या घातल्या. तो उलट बोलला न्हाई, नुसता बंद पडला. भात शिजवायचा, ताट घिऊन बसायचं आनि घास घशाखाली उतरायचा न्हाई. खोलीवरल्या सात थोबाडांची आठवन यायला लागली. (त्यांस्नी सांगू नका.)

अशात गुलजमान आला. हा मालकाचा पठान, ससाने सांभाळतो. त्याला भावाकडं खोर फक्कानला जायचं व्हतं. शिकारीची ससानी त्यानं माझ्या हवाली केली. डोळ्यावर चामड्याची टोपी, पायात दोरी.

"समाधान भाई, शाम को एक टुकडा बटेर. बस. भूकी रहेगी तो उडेगी. पेट भर गया तो शिकार क्यूं करेगी?"

"मेरे को मत सिखाव," मी भडाकलो. गेला बिचारा.

इथं रानातलं काय मारायला बंदी हाय. आमच्याकडं शिकार म्हंजे पिंजऱ्यातलं कबूतर सोडायचं, ससानीनं झडप घालायची आनि पावन्यांनी व्हिडिओ काढायचा. पन ती झडप पडाय पायजे. माझी सुट्टी त्या झडपंत व्हती.

मोबाईलला रेंज एका टेकाडावरच. एका हातात ताट, दुसऱ्या हातावर ससानी, असा चढलो. मोबाईल वाळूत रवला, तिची टोपी काढली, बायकूला व्हिडिओ कॉल लावला.

"ही कोन?" स्मितानं इचारलं.

"कृष्णाबाई."

"अहो! माझ्या आईचं नाव?"

"नाक बघ की. आनि बघती कशी ते बघ, पोरगी देऊन फसल्यावानी."

तेवढ्यात उर्वी मोबाईलात डोकावली. मी दम धरला. पोरगी रडली न्हाई! कृष्णाबाईकडं बोट करून खुदूखुदू हसली. माझ्या डोळ्यात वाळू गेली. (वारा न्हवता.)

"जेवली का ती?" बायकूनं इचारलं.

"तिला एकच तुकडा. उपाशीच ठेवायची असती."

"बरुबर. तुमच्या घरची रीतच हाय ती. मी नवी नवरी व्हते तवा मलाबी असंच. सगळ्यांच्या मागनं, उरलं तर."

"ए, माझ्या घरचं काढू नगो!"

"मग घाला की तिला खायला! एक पाखरू पोसवंना आनि निघाले पोरगी बघायला."

आता मला सांगा, असं आयकून कुठला गडी गप बसंल? टेकाड उतरलो, फ्रिजमधला अख्खा बटेर पक्षी काढला, परत चढलो. "घे. बघ. खाती का न्हाई?" कृष्णाबाईनं खाल्लं. म्याबी खाल्लं. लई दिसांनी पोटभर जेवलो.

मग तीच रीत पडली. सकाळ-संध्याकाळ तिघं-चौघं टेकाडावर. पोरगी हसायची, बायकू टोमनं मारायची, कृष्णाबाई हाडं फोडायची. भरल्या घरावानी वाटायचं.

"तुमचं पटतं कसं हो तिच्याशी?" स्मिता म्हनली.

"का न पटायला?"

"बोलत न्हाई ना ती."

शुक्कीरवारी गाड्याच गाड्या आल्या. पावनं गादीवर बसलं, मोबाईल वर झालं. भावाकडनं परतलेल्या गुलजमाननं ससानी हातावर घेतली आनि वजनानं त्याचा हात खाली गेला. त्यानं माझ्याकडं बघितलं. म्या जनरेटरकडं बघितलं.

कबूतर सुटलं. टोपी निघाली. कृष्णाबाई उडाली... आनि तंबूच्या खांबावर जाऊन बसली. जांभई द्यायची तेवढी ऱ्हायली. दुसरं कबूतर सोडलं. ते खांबावर तिच्या शेजारी जाऊन टेकलं. दोघी पावन्यांकडं बघत बसल्या, जशा बाया लग्नात आहेर बघत्यात.

गुलजमान शिट्ट्या घालून दमला. तवा बाईसाब खाली उतरल्या, मालकाच्या गालिच्यावरनं चालत आल्या, पावन्यांच्या पायापास्नं फिरल्या आनि माझ्यापुढं चोच वासून उभ्या ऱ्हायल्या. जेवनाची येळ झाली व्हती ना.

पावनं लोळून हसलं. अरबाबबी डोळं पुसंस्तवर हसला. म्हनलं, सुटलो! हसनारा मालक सुट्टी देतोच.

"बर्ड, डायट," अरबाब म्हनला. "दुबई जायेगा."

"और मैं?"

"तुम इदर. कॅम्प देखो."

"अरबाब, सुट्टी?"

"इन्शाल्ला," अरबाब म्हनला आनि गाडीत बसला. (म्हंजे देवाच्या मनात आसंल तर. इथं ज्यानं काम केलंय त्याला कळलं आसंल.)

गुलजमाननं कृष्णाबाईला टोपी चढवली आनि न्हेली. टोपीमुळं तिला मागं वळून बघता आलं न्हाई. नसतंबी बघितलं म्हना.

सांजच्याला भात लावला. सवयीनं बटेरबी बाहेर काढला. ताट घिऊन टेकाडावर चढलो. एक हात मोकळाच. कॉल लावला. सगळं सांगितलं. बायकू भांडंल असं वाटलं, मी तयारीतच व्हतो. ती म्हनली, "थांबा. मीबी ताट घिऊन येते."

दोघं जेवलो. लई वर्सांनी एकमेकांच्या समोर. उर्वी आली, मोबाईलला नाक लावून टकाटका माझ्याकडंच बघाय लागली. रडली न्हाई! मला भरून आलं.

"स्मिता, बघ! वळाखलं पोरीनं बापाला!"

"कुठलं काय," बायकू म्हनली. "जरा तोंड बाजूला घ्या. मागं कृष्णाबाई हाय का बघती ती."

म्या तोंड बाजूला घेतलं.