घड्याळजीची बोट

चित्रपट कसा आहे हे सांगायला तो सबंध बघावा लागतो, हे भिंगरीला कधीच मान्य नव्हतं. अर्धा बघितला की उरलेल्या अर्ध्याचा अंदाज येतो आणि अंदाजावरच सगळं जग चाललंय, असं तो छातीठोकपणे सांगायचा. ऑफिसातली माणसं त्याला विचारून चित्रपटाला जायची, आल्यावर त्याच्याशी भांडायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यालाच विचारायची.

तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत, खालून वर आणि वरून खाली. एका जागी बसवलं की त्याचा उजवा गुडघा आपोआप हलायला लागायचा आणि थोड्या वेळाने अख्खा माणूसच उठून चालू पडायचा. सासरी हे नाव पडलं ते या गुणामुळेच. आता तर सासूबाईसुद्धा "भिंगरी आले का?" असं आदराने विचारायच्या.

तर झालं काय, त्याच्या मेहुण्याने चित्रपट काढला. कितीतरी वर्षं हा मुलगा दुसऱ्यांच्या चित्रपटांत केबली गुंडाळत होता. आता पहिल्यांदाच स्वतःचा, सगळा स्वतःच्या डोक्यातला. गोष्ट एका म्हाताऱ्या घड्याळजीची. लोकांची घड्याळं दुरुस्त करतो आणि दूर गेलेल्या मुलीची वाट बघतो. वाट बघतो म्हणजे अगदी बैजवार बघतो, मेहुण्याला घाई म्हणून नव्हतीच.

इकडे काकांनी, म्हणजे मेहुण्याच्या चुलत्यांनी, आपल्या फरशीच्या दुकानात त्याच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती. पुरे झाले छंद, असं त्यांचं म्हणणं. मेहुणा शेवटी म्हणाला, आधी घरच्यांनी चित्रपट बघावा. त्यांच्या मनाला भिडला तर तो पुढच्या चित्रपटाचं काम हातात घेईल. घरच्यांनाच नाही भिडला, तर सोमवारपासून निमूट दुकानात.

जायच्या आदल्या संध्याकाळी बायकोने भिंगरीला समोर उभं केलं.

"उद्या उठायचं नाही. त्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे, कळलं?"

"अगं, मी काय लहान आहे?"

तिने त्याच्या पायांकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सगळे एका ओळीत बसले. सासूबाई, काका, बायको आणि कडेच्या खुर्चीवर भिंगरी. मेहुणा मात्र कुणाच्या शेजारी बसला नाही, मागे कुठेतरी उभा राहतो म्हणाला. भिंगरीने अगदी मनापासून प्रयत्न केला, हे सांगायलाच हवं. पडद्यावर घड्याळजी भिंगातून बघत होता, चिमट्याने बारीक चाक उचलत होता, परत ठेवत होता. गुडघा हलायला लागला. भिंगरीने त्यावर हात दाबला, तर हातही हलायला लागला. घड्याळजीने दुसरं चाक उचललं तेव्हा भिंगरी बाहेरच्या पाण्याच्या नळाशी पोचला होता.

पाणी प्यायला. जिना उतरला, चढला. थिएटरच्या लिफ्टचं दार जरा घासतंय असं वाटलं म्हणून ते उघडझाप करून बघितलं. मग बायकोचा चेहरा आठवला आणि तो धावत आत शिरला. त्या मजल्यावर दोन हॉल शेजारी शेजारी होते, दारं सारखी, अंधारही सारखाच. त्याने आपली ओळ मोजली, कडेच्या रिकाम्या खुर्चीवर बसला आणि शेजारी वाकून हळूच विचारलं, मधे काय झालं?

"श्शू," शेजारची बाई म्हणाली.

बायकोही नेमकं हेच म्हणाली असती. त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं.

पडद्यावर आता एक पांढऱ्या केसांचा माणूस बोटीवर उभा होता. एक मुलगी किनाऱ्यावरून ओरडत होती. मधेच उठून जाणाऱ्या माणसांना एक खोड असते, जे बुडालं ते मनानेच भरून काढायचं. भिंगरीने झटक्यात भरून काढलं. म्हणजे मुलगी आली. म्हातारा रुसून बोटीवर गेला. बोट कधी घेतली हे काही कळलं नाही, पण आपण जिन्यावर असताना घेतली असेल. तेवढ्यात बोटीने पेट घेतला आणि भिंगरी खुर्चीच्या टोकावर आला. मेहुण्यात एवढी धमक असेल असं त्याला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. बोट बुडाली तसा तो सवयीप्रमाणे दिवे लागायच्या आत बाहेर येऊन उभा राहिला. पाठोपाठ घरची मंडळी आली. बायको सगळ्यात शेवटी, जिन्याच्या बाजूने आली आणि त्याच्याकडे बघून तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

घरी चहा झाला. मेहुणा दाराच्या चौकटीला टेकून नखं खात उभा होता. कसा वाटला, असं त्याने विचारलं. सासूबाई म्हणाल्या, छान होता. काका म्हणाले, छान, स्वच्छ होता. मेहुण्याने विचारलं, छान म्हणजे नक्की काय छान? त्यावर सगळे आपापल्या कपात बघायला लागले. सासूबाईंनी बशी पुसली. काकांनी फोन पालथा केला, परत सुलटा केला. मेहुण्याचा चेहरा हळूहळू उतरायला लागला आणि ते भिंगरीला बघवेना. पोरगं बिचारं घरच्यांच्या एका शब्दासाठी तळमळतंय आणि ही माणसं स्वच्छ काय म्हणतात?

भिंगरी उठला. येरझाऱ्या घालत बोलायला लागला. म्हणाला, इतकी वर्षं मी चित्रपट बघतोय, पण बोटीचा तो प्रसंग, तसं काही आजवर बघितलं नाही. ती आग, तो म्हातारा, आणि ती मुलगी काठावरून हाक मारते तेव्हा तर काळजाचं पाणी झालं.

खोलीत एकदम जीव आला. बुडत्या माणसांना कुणीतरी दोर टाकावा तसं झालं.

"बोटीच्या वेळी मला तर रडूच आलं बाई," सासूबाई डोळ्याला पदर लावत म्हणाल्या.

काकांनीही मान डोलावली. बोट खरोखरची जाळली की खोटी, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

मेहुणा चौकटीपासून सरळ झाला. त्याने फार शांतपणे विचारलं, बोट कुठल्या रंगाची होती? पांढरी, सासूबाई म्हणाल्या. अंधारात नीट दिसली नाही, काका म्हणाले. निळी, भिंगरी म्हणाला, आणि निळीच होती, यावर तो कुणाशीही वाद घालायला तयार होता.

"माझ्या चित्रपटात बोट नाही," मेहुणा म्हणाला. "पाणी आहे ते फक्त पेल्यातलं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सासूबाईंना दुसऱ्या चाकाशीच डोळा लागला होता. काका मान खाली घालून दुकानातल्या फुटलेल्या फरशांचे फोटो बघत होते. भिंगरी कुठे होता ते तर आता त्यालाही कळलं होतं, आणि कान इतके तापले होते की चहाचा कप कपाळाला लावावासा वाटत होता. मेहुणा बहिणीकडे वळला. निदान ताईने तरी बघितला ना?

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, अरे, मी कुठली बघतेय. हे गेले ते आलेच नाहीत, म्हणून मी जिन्याजिन्यावर यांना शोधत हिंडत होते.

मेहुण्याला राग आला असता तरी चाललं असतं. तो नुसता हसला आणि काकांना म्हणाला, दुकान किती वाजता उघडतं?

त्या रात्री भिंगरीशी कुणी बोललं नाही आणि त्याची तक्रारही नव्हती. सकाळ होताच त्याने मेहुण्याला दंडाला धरून बाहेर काढलं. मेहुणा म्हणत होता, जाऊ द्या भावोजी, कशाला उगाच. भिंगरीने ऐकलं नाही. दुपारच्या खेळाला दोघे शेजारी शेजारी बसले. आत जाण्याआधी भिंगरीने दारावरचं नाव बोट लावून वाचलं आणि तिकीट तपासणाऱ्याकडून खात्रीही करून घेतली.

घड्याळजीने पहिलं चाक उचललं. गुडघा हलला. दुसरं उचललं. भिंगरीने दोन्ही हातांनी खुर्ची धरली, दात आवळले. तिसऱ्या चाकाला त्याच्या लक्षात आलं की हे घड्याळ मुलीचं आहे, आणि म्हातारा ते मुद्दामच लवकर दुरुस्त करत नाहीये. दुरुस्त झालं तर ती घेऊन जाईल आणि मग परत यायचं कारण उरणार नाही. त्यानंतर गुडघ्याचं काय झालं हे भिंगरीला आठवत नाही. दिवे लागले तेव्हा त्याचा शर्ट बाहीपाशी ओला होता आणि तो जागचा हललेला नव्हता.

तो शेजारी वळला. शेजारची खुर्ची रिकामी.

मेहुणा बाहेर सापडला. पाण्याच्या नळापासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून नळापर्यंत, सारख्या येरझाऱ्या घालत होता. भिंगरीला बघून जागीच थबकला.

"दुकानात जाऊ नकोस," भिंगरी म्हणाला. "माझे पाय थांबले रे. माझे."

मेहुणा तिथेच भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. जरा सावरल्यावर त्याने जे सांगितलं, ते ऐकून भिंगरीने कपाळावर हात मारला. लोकांमध्ये बसून हा चित्रपट त्याने स्वतःही एकदासुद्धा शेवटपर्यंत बघितला नव्हता. छातीत धडधडायचं, श्वास कोंडायचा आणि पाय त्याला बाहेर घेऊन यायचे.

भिंगरीने पुढच्या खेळाची दोन तिकिटं काढली आणि मेहुण्याला आतल्या बाजूला बसवून स्वतः कडेला बसला, रस्ता अडवून. दिवे मालवले. घड्याळजीने चिमटा हातात घेतला. मेहुण्याची चुळबुळ सुरू झाली.

"भावोजी, जरा पाणी पिऊन येतो."

भिंगरीने पडद्यावरची नजर काढली नाही.

"गप बस की," तो म्हणाला, "मला बघू दे."