कोरड्या डोळ्यांच्या बैठकीची हकीकत

श्रीकुलस्वामिनीस नमन करून, लेखणी दोनदा झाडून ही हकीकत लिहिली जाते. ऐकणाराने पाठ ताठ ठेवून ऐकावी, मध्ये उठू नये. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सर, मार्गशीर्षमास. त्या मुलखाचे मूळपुरुष खेत्रोजीराजे, ज्यांनी रणात मांडीतला बाण स्वहस्ते उपसिला आणि त्याच बाणाने ऊस सोलून खाल्ला. त्यांचे पुत्र दारकोजीराजे, ज्यांनी भर दरबारी दाढ उपटवून घेतली आणि उपटणे चालू असता कुरणाचा निवाडा सांगितला, तोही बरोबर सांगितला. त्यांचे पुत्र हैबतरावराजे, ज्यांस एकदा हसताना पाहिले असे म्हणणारा एक हुजऱ्या होता, परंतु तो भरवशाचा नव्हता. त्यांचे पुत्र सिदोजीराजे. त्यांची ही हकीकत.

सिदोजीराजे शरीराने धडधाकट, बुद्धीने तल्लख, परंतु मनाने बहुत हळवे. नगाऱ्यावर टिपरू पडले की ते दचकत, जरीचा अंगरखा त्यांस टोचे, आणि कोणाचे कोणाशी बिनसले आहे हे ते दरबाराचा जिना चढतानाच ओळखीत आणि त्यांचे जेवण सुटे. दुःखी माणूस समोर आला की डोळे भरत, आणि डोळे भरले की राजे उठून आत जात. एरवी हे चालोन गेले असते. परंतु त्या घराण्यात खेत्रोजीराजांनी नेम घातला होता की जो गादीवर बसेल त्याने प्रथम एका बैठकीत रयतेची एकावन्न गाऱ्हाणी ऐकावी, आणि त्यात डोळ्यांतून एक टिपूस जरी गळाले तरी चोपदाराने "डोळा ओला" म्हणोन पुकारावे आणि गादी भाऊबंदांकडे जावी. भाऊबंद म्हणजे चुलतबंधू बहिरजी, ज्यांच्या डोळ्यांस पाणी केवळ स्नानाचे समयी लागे.

हैबतरावराजे कैलासवासी जाहल्यावर मातुश्री म्हाळसाबाईसाहेबांनी तीन वर्षे कारभार सांभाळिला होता. आता बैठकीस चार मास उरले, तेव्हां त्यांनी पुत्रास घट्ट करावे ऐसे मनी आणिले. मग राजांस रोज दोन घटका नगारखान्यात नगाऱ्याशेजारी उभे केले, आणि डोळ्यांतला साठा बैठकीआधी संपून जाईल या हिशेबाने मुदपाकखान्यात बसवून पंधरा दिवस कांदे चिरविले. साठा संपला नाही. कांदे संपले.

मग कोणी सांगितले की पागेत जिऊबाई नामे एक बाई आहे, ती बुजरी शिंगरे वळविते, आणि अलीकडे हळव्या माणसांसही चालीस लाविते. सहा बैठका घेते, पैकी पहिली विनामूल्य. मातुश्रींनी तिला बोलाविले आणि पुसिले, "राजांचा हळवेपणा किती दिवसांत काढाल?"

"काढीत नाही, सरकार. वापरावयास शिकविते."

"आम्ही काढावयास बोलाविले आहे."

"मग सुतारास बोलवावे, सरकार. रंधा त्याजकडे असतो."

सदरेवरील कारकुनांनी माना खाली घातल्या. मातुश्रींस तीस वर्षांत ऐसे उत्तर कोणी दिले नव्हते, म्हणोन त्यांनी बाईस ठेवून घेतले.

जिऊबाईची रीत ऐशी की ती सांगे थोडे आणि पुसे फार. राजांस पुसे, "समोरचा बोलतो तेव्हां आपणांस प्रथम कोठे कळते? छातीत, की पोटात?" हे ऐकोन मातुश्री पडद्यातून म्हणाल्या, "राजांचे पोट पुसावयाचे असते तर आम्ही वैद्य आणिला असता." बाई पडद्याकडे वळली नाही. ती राजांस म्हणाली, "शिंगरू बुजते यात वाईट काही नाही, महाराज. गवतातला साप त्यास आधी कळतो. वाईट हे की ते स्वारासकट पळते."

राजे म्हणाले, "मी पळत नाही. मला बघवत नाही, म्हणोन उठतो."

"मागच्या महिन्यात ती कोष्टीण आली होती. तिचे गाऱ्हाणे काय होते?"

राजे म्हणाले, "आठवत नाही. तिचा चेहरा आठवतो."

"आपण रडत आत गेलात, आणि ती बाहेर उभी राहून आपल्या हुजऱ्यांस पुसत होती, की माझ्यामुळे महाराजांस काही जाहले तर नाही ना. गाऱ्हाणे तिचे होते, महाराज. ते आपण उचलून घेऊन गेलात."

त्या दिवशी राजे जेवले नाहीत, परंतु दुसरे दिवशी बोलावण्याआधी पागेत हजर जाहले. मग त्यांस शिकविले की बसताना तळपाय भुईस टेकलेला असावा, श्वास सोडताना घेतल्याहून लांब सोडावा, आणि समोरच्यास तीनच गोष्टी पुसाव्या: काय जाहले, काय हवे, आणि कधीपर्यंत. आणि प्रत्येक बैठकीनंतर राजांनी घटकाभर पागेच्या गवतात एकटे बसावे, कोणी बोलू नये. राजे गवतात बसतात ही वार्ता मुलखात पसरली आणि बहिरजींनी जिना चढत येऊन पुसिले, "दादा, घोड्यांची चंदी पाठवू का?" राजे म्हणाले, "नको. आणि आज भेटावयासही नको." नको हा शब्द राजांनी जन्मात प्रथम उच्चारिला, आणि बहिरजी जिन्यातच उभे राहिले.

मग बैठकीचा दिवस उजाडला. राजे गादीवर, मातुश्री पडद्यात, बहिरजी नवा शेला पांघरून डाव्या हातास, जिऊबाई घोडेवाल्यांत उभी. गाऱ्हाणी सुरू जाहली. एक शेतकरी हसत हसत म्हणाला की आपले काही गाऱ्हाणे नाही, सर्व सुखी आहे. राजे त्याजकडे पाहून म्हणाले, "तुमचे पाठीशी उभा तो कोण? त्यास बाहेर न्या." तो गावचा पाटील निघाला, आणि तो बाहेर जाताच शेतकऱ्याने जे सांगितले त्यास दोन घटका लागल्या. म्हातारे आले, पोरकी मुले आली, आणि राजांचा रंग उतरे, श्वास लांब होई, परंतु डोळा कोरडा राहिला. पन्नास गाऱ्हाणी सरली. मातुश्रींनी पडद्याआड विड्याचे तबक तयार करविले.

एकावन्नावी बयजा बेलदारीण आली. रिकाम्या हातांनी उभी राहिली. चोपदाराने राजांचे कानी सांगितले, "महाराज, ही दर साल येते. 'विचार होईल' हे नेमाचे उत्तर आहे. तेवढे म्हणावे आणि गादी आपली."

राजांनी बाईकडे पाहिले. छातीत कळावयाचे ते कळले. दोन शब्द म्हटले की काम फत्ते होते, हेही कळले. मग ते म्हणाले, "बाई, काय जाहले?"

"एकोणीस वर्षं झाली, धनी. गडाला वेढा पडला तवा माझा मालक गोंदा बाहेरून खिंडार बुजवीत व्हता. आतून बुजत नव्हतं म्हून बाहेर ऱ्हायला. भिंत झाली, त्यो नाही आला."

"काय हवे?"

"समाचार."

त्या मुलखात समाचाराची रीत ऐशी की धन्याच्या कामी माणूस पडला तर धन्याने जातीने अनवाणी त्याचे घरी जावे, तीन दिवस भुईस बसावे आणि मेल्याचे नाव आपल्या तोंडाने घ्यावे. हैबतरावराजे गेले नव्हते.

बयजा म्हणाली, "दुसऱ्या दिवशी सरकारचा माणूस आला, मालकाची पहार न्यायला. म्हटलं, माणूस आला तर मागून धनी बी येतील. अंगण सारवून ठेवलं. आज बी सारवूनच आले."

"कधीपर्यंत?"

"सत्तरी झाली, धनी. आता तुम्हीच बघा."

"आज येतो," राजे म्हणाले, आणि त्यांचे डोळ्यांतून पाणी गळाले. ते उठले नाहीत. तोंड झाकिले नाही. चोपदार उगाच काठीची मूठ पुशीत राहिला, तेव्हां राजेच म्हणाले, "बाळोबा, आपले काम करा." मग चोपदाराने पुकारिले, "डोळा ओला!" आणि बहिरजींनी शेला सारखा केला.

कारभारी पडद्याकडे धावले आणि म्हणाले की मातुश्रींनी मनावर घेतले तर नेम एकवार बाजूस ठेवता येईल. म्हाळसाबाईसाहेब पडदा सारून सदरेवर आल्या आणि बोलिल्या, "नेम आमच्या घरचा आहे, तो मोडणार नाही. देणेही आमच्याच घरचे आहे, तेही ठेवणार नाही. बहिरजी, बसा. सिदोजी, चला. आमच्या धन्याने जावयाचे होते, आम्हीही येतो." ऐसे म्हणोन त्यांनी जोडे तेथेच काढिले, आणि मायलेक बयजेच्या मागून चालत बेलदारवाडीस गेले.

पहिले दिवशी मायलेक सारवलेल्या अंगणात बसले. दुसरे दिवशी मातुश्रींनी भुईस बसून, सर्व वस्तीस ऐकू जाईल ऐसे म्हटले, "गोंदा बेलदार आमच्या भिंतीकरिता पडला. आम्ही यावयास चुकलो." तिसरे दिवशी बयजा रडली, एकोणीस वर्षांचे रडली, आणि सिदोजीराजे जवळ बसून राहिले, आपले पाणी त्यात मिसळू दिले नाही. तिन्हीसांजेस तिने तोंड धुतले आणि म्हणाली, "उठा बाईसाहेब. फिटलं."

येणेप्रमाणे गादी बहिरजीराजांकडे गेली, नेम अबाधित राहिला, आणि हैबतरावराजांचे देणे त्यांच्या पत्नीने व पुत्राने पुरतेपणी फेडिले. कोणाकडे काही राहिले नाही.